यंत्राची साक्ष आणि माणसाची कैफियत

माणसाने केलेल्या कामाची साक्ष कोणी द्यावी, हा प्रश्न वरवर पाहता कचेरीच्या व्यवस्थेचा वाटतो. पण किंचित खोल उतरून पाहिले म्हणजे तो न्यायाचा आहे, आणि न्यायाच्याही मागे जाऊन माणूस म्हणजे कोण या सनातन प्रश्नाचाच तो एक पदर आहे, असे ध्यानात येते. कारखान्याच्या दाराशी उभा राहणारा मुकादम, सरकारी दप्तरात हजेरीपट सांभाळणारा कारकून, खडीकामावर मस्टर घेऊन हिंडणारा मेट यांनी पिढ्यान्‌पिढ्या जी साक्ष दिली, ती देण्याचे काम गेल्या दहा-पंधरा वर्षांत परस्परांशी जोडलेल्या यंत्रांच्या एका जाळ्याकडे गेले आहे. नोकरीसाठी आलेला अर्ज प्रथम यंत्र चाळते; कामावर येण्याजाण्याची वेळ बोटाच्या ठशावरून किंवा चेहऱ्यावरून यंत्र टिपते; दिवसभरात किती कामे हातावेगळी झाली, किती वेळ संगणक निश्चल होता, मोटारसायकल कोणत्या रस्त्याने गेली, ग्राहकाने किती तारे दिले, हे सारे यंत्र एकत्र करते; आणि त्या बेरजेवरून बढती, बदली, बक्षिसी किंवा बडतर्फी यांची शिफारसही यंत्रच करते. यंत्राने नोंद ठेवावी की ठेवू नये, या वादात मला फारसे स्वारस्य नाही, कारण नोंदीवाचून कोणतेही राज्य किंवा कारखाना कधी चालला नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या नोंदीशेजारी कर्त्याची कैफियत घेतली जात नाही, ती नोंद कितीही अचूक असली तरी तिला साक्षीचा दर्जा देता येत नाही. आणि जी व्यवस्था तो दर्जा देते, ती माणसाच्या ज्ञातेपणाचाच इन्कार करते.

हे केवळ तत्त्वचर्चेपुरते नाही, हे दाखविण्यासाठी आपल्याच मातीतील एक उदाहरण घेतो. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लक्षावधी माणसे रस्त्याच्या, नालाबांधाच्या आणि पाझर तलावांच्या कामावर गेली, आणि विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या चिंतनातून आकारास आलेली रोजगार हमीची कल्पना १९७७ च्या कायद्याने राज्याच्या शिरावरचे बंधन ठरली. पुढे २००५ साली केंद्राने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव उभा होता. मागेल त्याला काम, या तत्त्वाचा नैतिक आशय फार मोठा आहे. त्यात मजूर हा दयेचा विषय राहत नाही. तो मागणी करणारा, म्हणजे बोलणारा माणूस ठरतो, आणि शासन ऐकणारे ठरते. मे २०२१ मध्ये या केंद्रीय योजनेत मोबाइलवरून हजेरी घेण्याची पद्धत आली आणि १ जानेवारी २०२३ पासून, वैयक्तिक लाभाची कामे वगळता, ती सर्व कामांवर सक्तीची झाली. मेटने किंवा रोजगार सेवकाने कामावरच्या मजुरांचे सामूहिक छायाचित्र सकाळी एकदा आणि दुपारी पुन्हा एकदा घ्यावयाचे, त्या छायाचित्रावर वेळ आणि स्थळ यांचा ठसा आपोआप उमटावयाचा, आणि ते सर्व्हरवर चढले म्हणजे हजेरी लागली, असा हा प्रकार. बनावट नावे लावून मजुरी लाटणाऱ्यांना पायबंद बसावा, हा त्यामागचा हेतू होता, आणि तो हेतू मुळीच वाईट नव्हता.

परंतु प्रत्यक्षात काय घडले? या कामावरील मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर ठरते. पहाटे उठून, उन्हाच्या आत ठरलेले माप पुरे करून घरी स्वयंपाकाला आणि गुरांना पाणी दाखवायला परतणाऱ्या बाईला आता दुसऱ्या छायाचित्रासाठी थांबावे लागू लागले, किंवा घरून पुन्हा कामावर यावे लागू लागले. काम झाले होते, ते मोजून घेता येत होते, पण काम करणारी तेथे दिसली पाहिजे होती. डोंगराच्या कुशीत रेंज नसली, फोटो अपलोड झाला नाही, की त्या दिवसाची मजुरी अडली. आणि ज्यांना लबाडीच करावयाची होती, त्यांनी तिचा मार्ग शोधलाच. ८ जुलै २०२५ रोजी केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने काढलेल्या परिपत्रकात जे गैरप्रकार नोंदविले आहेत, त्यांत कामाशी काहीही संबंध नसलेली छायाचित्रे चढविणे, प्रत्यक्ष मजुरांऐवजी जुन्या छायाचित्राचेच छायाचित्र घेणे, नोंदलेल्या आणि दिसणाऱ्या माणसांची संख्या न जुळणे, स्त्री-पुरुषांचे प्रमाण न जुळणे, हे सर्व आहे. त्यावर मंत्रालयाने उपाय योजला तो असा, की ही छायाचित्रे गावपातळीपासून वरपर्यंत माणसांनी डोळ्यांनी तपासावीत. छायाचित्राच्या छायाचित्रापाशी जरा थांबून पाहावे. यंत्राने टिपलेले स्थळ खरे होते, वेळ खरी होती, चेहरेही खऱ्या माणसांचे होते. खोटे होते ते एवढेच की ती माणसे तेथे नव्हती. साक्षीतला प्रत्येक सुटा तपशील बरोबर असूनही साक्ष समूळ खोटी असू शकते, याहून स्पष्ट दाखला कोणता हवा?

हाच प्रश्न महाभारतकारांना छळत होता, असे आदिपर्वातील मांडव्याची कथा वाचताना मला नेहमी वाटते. आश्रमाच्या दाराशी हात उंच करून, मौनव्रत घेऊन मांडव्य ऋषी तप करीत असता चोर मुद्देमालासह आश्रमात शिरतात. पाठलाग करणारे राजरक्षक येऊन, चोर कोठे गेले, असे ऋषीला विचारतात. मौनामुळे तो उत्तर देत नाही. झडतीत चोरही सापडतात आणि धनही सापडते. राजाकडे वर्दी जाते आणि राजा ऋषीलाही चोरांबरोबर सुळावर चढवितो. पुरावा निखालस होता. माल तेथेच होता, चोर तेथेच होते आणि आरोपीने एका शब्दानेही इन्कार केला नव्हता. आजच्या भाषेत बोलावयाचे तर राजापुढील सर्व विदा अचूक होती. चुकला तो निर्णय. मांडव्य सुळावरही मरत नाही, राजा चूक उमगून क्षमा मागतो, सूळ उपटता येत नाही म्हणून तो कापावा लागतो, आणि त्याचे टोक देहात वागवीत ऋषी पुढचे आयुष्य हिंडतो. अणीमांडव्य हे नाव त्याला त्यावरून मिळाले. चुकीच्या शिक्षेतून निर्दोष सुटलेल्या माणसाच्या अंगात काय उरते, हे व्यासांनी या एका तपशिलात सांगितले आहे.

परंतु कथेचा खरा गाभा याच्या पुढे आहे. मांडव्य थेट धर्माच्या सदनात जातो आणि विचारतो की, कोणत्या कर्माचे हे फळ मला मिळाले? धर्म खतावणी पाहून उत्तर देतो की, बालपणी तू किड्यांच्या शेपटात गवताची काडी खुपसली होतीस. येथे नोंद चुकलेली नाही. कृत्य घडले होते. तरीही मांडव्य ते उत्तर स्वीकारीत नाही. अल्प अपराधाला एवढा दंड दिल्याबद्दल तो खुद्द धर्मालाच मनुष्ययोनीत, दासीच्या पोटी, जन्म घेण्याचा शाप देतो, ज्यातून विदुर जन्मला, आणि चौदा वर्षांपर्यंतच्या वयात घडलेल्या कृत्याचे पातक धरले जाऊ नये, अशी मर्यादा घालून देतो. आमच्या परंपरेने कर्माची सूक्ष्मातिसूक्ष्म नोंद ठेवली जाते असे मानले. पण त्याच परंपरेने त्या नोंदीच्या धन्याला जाब विचारण्याचा अधिकार माणसाला दिला, नोंद किती काळ ग्राह्य धरावी याला सीमा घातली, आणि जाब देता न आलेल्या न्यायाधीशाला स्वतः माणसाच्या जागी उभे राहण्यास भाग पाडले. आजच्या आस्थापनांच्या प्रमुखांनी यातली पहिली गोष्ट जरी मान्य केली, तरी पुष्कळ झाले असे मी म्हणेन. कारण मांडव्याचे मौन हे त्याने स्वेच्छेने घेतलेले व्रत होते. आजच्या मजुराला, कारकुनाला किंवा घरपोच माल देणाऱ्या पोराला मौन धारण करावे लागते ते बोलण्यासाठी समोर कोणीच नसते म्हणून.

न्यायदर्शनाने या बाबतीत जी सावधगिरी शिकविली, ती अजून शिळी झालेली नाही. धूर दिसला की अग्नी आहे, हे अनुमान निर्दोष. परंतु अग्नी आहे म्हणजे धूर असलाच पाहिजे, हे अनुमान सदोष, कारण धूर निघण्यासाठी सरपण ओले असावे लागते, आणि ती अट सांगणाऱ्याने सांगितलेली नसते. अशा न सांगितलेल्या अटीला नैयायिकांनी उपाधी म्हटले आणि सोपाधिक हेतूवर निर्णय उभारू नये, असा दंडक घातला. हजेरीच्या यंत्रात नाव आले नाही म्हणजे मनुष्य कामावर आला नाही, हे अनुमान वीज असणे, रेंज असणे आणि सर्व्हर चालू असणे अशा किती उपाध्यांवर उभे आहे! आयुष्यभर दगड, माती, चुना आणि धुण्याभांड्यांचे पाणी हाताळल्यामुळे ज्यांच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्या, त्यांचा अंगठा उमटत नाही; म्हणजे ज्याच्या हाताने सर्वांत अधिक काम केले, त्याचाच हात यंत्राला ओळखता येत नाही. ही उपाधी यंत्राला ठाऊक नसते. ती त्या माणसाला ठाऊक असते. म्हणूनच त्याला विचारावे लागते.

आणि त्याचे सांगणे हे प्रमाण आहे काय? येथे न्यायसूत्रांवरील वात्स्यायनांच्या भाष्याचे मला फार अगत्य वाटते. शब्द हे प्रमाण आहे, पण ते आप्ताचे असले पाहिजे, असे सूत्रकार म्हणतात. आणि आप्त म्हणजे ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे व ती जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो, असे लक्षण करून भाष्यकार पुढे सांगतात की, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना समानच लागू आहे. दीड हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी लिहिल्या गेलेल्या या वाक्याचे मोल आपण अजून पुरते ओळखलेले नाही. आप्तपणा हा कुळावर, पदावर किंवा विद्येवर अवलंबून नाही. तो जाणण्यावर आणि खरे सांगण्याच्या इच्छेवर अवलंबून आहे. या कसोटीवर यंत्र आप्त ठरत नाही, कारण ते टिपते पण जाणत नाही, आणि खरे सांगावे अशी इच्छा त्याच्या ठायी संभवत नाही. नालीवर काम करणारी निरक्षर बाई मात्र आपल्या कामापुरती आप्त ठरू शकते. तिची साक्ष तपासावी, उलटतपासणी घ्यावी, खोटी ठरली तर टाकूनही द्यावी. परंतु ती घेतल्याशिवाय निकाल देणे म्हणजे चार प्रमाणांपैकी एक प्रमाण बुद्ध्याच गाळणे होय.

ते गाळले म्हणजे काय होते, हे इंग्लंडमधील टपालखात्याच्या प्रकरणाने जगाला दाखविले. १९९९ पासून तेथील पोस्ट ऑफिसने आपल्या शाखांत होरायझन नावाची, फुजित्सू कंपनीने पुरविलेली, संगणकीय हिशेबप्रणाली बसविली. काही शाखांच्या हिशेबात तुटी दिसू लागल्या. खेडोपाडी छोटे दुकान सांभाळून टपालाचे काम पाहणारे सब-पोस्टमास्तर सांगत राहिले की, आम्ही पैसा घेतलेला नाही, यंत्रच चुकते आहे; त्यांना उत्तर मिळे की, अशी तक्रार दुसऱ्या कोणाचीच नाही. त्याच सुमारास इंग्लंडच्या कायद्यात बदल होऊन, संगणक व्यवस्थित चालत होता असे गृहीत धरावे आणि तो चालत नव्हता हे दाखविण्याचा भार व्यवहारतः आरोपीवर यावा, अशी स्थिती आली होती. करारानुसार तूट भरून देण्याची जबाबदारी सब-पोस्टमास्तरांचीच असल्याने कित्येकांनी घरदार गहाण टाकून ती भरली. कित्येकांवर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले झाले. नऊशेहून अधिक लोकांना दोषी ठरविण्यात आले, काही तुरुंगात गेले, काहींनी आत्महत्या केल्या. ॲलन बेट्स या सब-पोस्टमास्तरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी चिकाटीने चालविलेल्या दाव्यात डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले, आणि २०२४ साली पार्लमेंटला खास कायदा करून त्या शिक्षा सरसकट रद्द कराव्या लागल्या. त्या शेकडो माणसांपैकी कित्येकांनी सत्य सांगितले होते, आणि पुन्हापुन्हा सांगितले होते. पण आप्तवाक्य ऐकण्याची तयारी नसलेल्या संस्थेला, तेच वाक्य शेकडो तोंडांतून स्वतंत्रपणे येत आहे, एवढेही अनुमान करता आले नाही.

कोणी म्हणेल की, ही यंत्राच्या सदोषतेची कथा झाली. यंत्र निर्दोष केले म्हणजे प्रश्न मिटला. मला ते मान्य नाही. निर्दोष नोंदीपुढेही एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो गीतेच्या अठराव्या अध्यायात आहे. कोणतेही कर्म घडण्यास अधिष्ठान, कर्ता, नानाविध साधने, निरनिराळ्या हालचाली आणि पाचवे दैव अशी पाच कारणे लागतात, असे सांगून, जो केवळ एकट्या आत्म्याला कर्ता समजतो त्याची बुद्धी अपुरी आहे, असे तेथे म्हटले आहे. हा उपदेश अहंकार घालविण्यासाठी आहे हे खरे; परंतु दुसऱ्याच्या कामाचा न्याय करणाऱ्यालाही तो तितकाच बंधनकारक आहे. पुण्यात आषाढातील पावसाच्या संध्याकाळी जेवणाचे डबे पोचविणारा एखादा तरुण डोळ्यांपुढे आणावा. उपाहारगृहात गर्दी म्हणून जेवण वीस मिनिटे उशिरा हाती पडते; रस्त्यावर पाणी तुंबलेले; भिजलेल्या बोटांना मोबाइलचा पडदा दाद देत नाही; सोसायटीच्या फाटकावर पहारेकरी वहीत नाव, नंबर, सही मागतो; रहिवाशांची लिफ्ट त्याला वर्ज्य, आणि सामानाची लिफ्ट बंद. सात मजले चढून तो दार वाजवितो तेव्हा अन्न निवलेले असते, आणि घरातील भुकेला माणूस एक तारा देऊन मोकळा होतो. पाचही कारणे येथे डोळ्यांना दिसतात. पण नोंदीत उतरतो तो एकटा कर्ता. असे तारे साचत गेले की एके सकाळी त्याचा आयडी ब्लॉक होतो. कोणी केला, का केला, हे विचारावयास कचेरी नाही आणि साहेबही नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये आपल्या देशात अशा प्रकारच्या तात्पुरत्या, ॲपवर चालणाऱ्या कामांत ७७ लाख माणसे होती आणि २०२९-३० पर्यंत ती २.३५ कोटी होतील असा अंदाज आहे. एवढ्या माणसांच्या पोटाचा निर्णय अपुऱ्या बुद्धीने व्हावा, ही गोष्ट मला अधर्माची वाटते.

दुसऱ्या बाजूने बोलावयाचे ते प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. माणसाची साक्ष माणसाने द्यावयाची त्या काळी सर्व काही न्यायाने चालत होते, असे मानणे ही शुद्ध आत्मवंचना होईल. मुंबईच्या गिरण्यांत जॉबरच्या हाती भरती आणि बडतर्फी होती, आणि तो दस्तुरी घेतल्याखेरीज कोणाला उभे करीत नसे. १९३१ च्या शाही श्रम आयोगाने भरतीचे काम त्याच्या हातून काढून स्वतंत्र अधिकाऱ्याकडे द्यावे असे सुचविले, ते याच कारणाने. त्याच गिरण्यांच्या विणकामखात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्यात विटाळ मानला जाई. १९२८ च्या संपाच्या सुमारास डॉ. आंबेडकरांनी तो अन्याय चव्हाट्यावर मांडला. ज्याच्या पूर्वजांनी ही माणसांची साक्ष सोसली, त्याला बोटाचा ठसा घेणारे आणि मजुरी थेट स्वतःच्या खात्यात टाकणारे, जात न विचारणारे यंत्र मुक्तिदाते वाटले, तर त्याला कोणत्या तोंडाने दोष द्यावा? हा युक्तिवाद मी वजनदार मानतो. परंतु यंत्र जात विचारीत नाही एवढ्यावरून ते ती पाळीत नाही असे ठरत नाही. अ‍ॅमेझॉन कंपनीने २०१४ पासून अर्ज पारखणारी एक प्रणाली घडवावयास घेतली होती. आधीच्या दहा वर्षांतील अर्जांवरून ती शिकली, त्या काळात पुरुषांचाच भरणा असल्याने स्त्रियांचा उल्लेख असलेले अर्ज ती खाली ढकलू लागली, आणि कंपनीला अखेर ती मोडीत काढावी लागली, हे २०१८ मध्ये उघड झाले. जॉबरचा पूर्वग्रह निदान जॉबरच्या तोंडावर दिसत असे आणि त्याच्याविरुद्ध संप करता येत असे.

येथून मी ज्या मुद्द्याकडे येतो, तो मला सर्वांत गंभीर वाटतो. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांसाठी एक संपूर्ण प्रकरण खर्ची घातले, कारण पूर्वकर्माची साखळी अतूट मानली तर पुरुषार्थाला जागाच उरत नाही, ही अडचण त्यांनी ओळखली होती. कर्माचे बंधन खरे मानूनही आत्म्याची स्वतंत्र प्रवृत्ती त्यांनी हट्टाने राखून ठेवली. आता आस्थापनांच्या दप्तरांत जी नवी विद्या आली आहे, ती माणसाच्या मागील नोंदींवरून त्याचे पुढील वर्तन वर्तविते. आयबीएम कंपनीच्या तत्कालीन प्रमुख जिनी रोमेटी यांनी २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितले होते की, कोणता कर्मचारी नोकरी सोडण्याच्या बेतात आहे हे आमची प्रणाली शंभरापैकी पंच्याण्णव वेळा अचूक ओळखते. समजा, ओळखते. पण ज्याच्या मनात अजून निश्चय झालेला नाही, जो रात्री पत्नीशी बोलून, आईच्या औषधपाण्याचा विचार करून, सकाळी कदाचित राहण्याचेच ठरविणार आहे, त्याच्याकडे वरिष्ठ मात्र आजपासूनच सोडून जाणारा म्हणून पाहू लागतात. त्याचा पुरुषार्थ प्रकट होण्यापूर्वीच त्याचा निकाल लागलेला असतो. प्रायश्चित्ताने पाप क्षीण होते, असे धर्मशास्त्र मानीत आले. चौदा वर्षांच्या आतले कृत्य धरू नये, असे मांडव्याने ठरविले. या खतावणीत मात्र दहा वर्षांपूर्वीची उशिराची हजेरी कालच्याइतकीच ताजी असते, आणि एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे ती माणसाच्याही आधी पोचू शकते.

कायद्याने यात काय केले? युरोपात २०१८ पासून अमलात असलेल्या विदा-संरक्षण नियमाच्या बाविसाव्या कलमाने, केवळ यंत्राने घेतलेल्या आणि आपल्या जीवनावर मोठा परिणाम करणाऱ्या निर्णयाला बांधले न जाण्याचा अधिकार माणसाला दिला. त्याच आधारावर एप्रिल २०२३ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या अपील न्यायालयाने उबरच्या काही चालकांना कामावरून दूर करण्याच्या निर्णयात माणसाचा हात नाममात्रच होता असे ठरवून कंपनीला खुलासा देण्यास भाग पाडले. आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असा निर्वाळा दिला, परंतु २०२३ च्या व्यक्तिगत विदा-संरक्षण कायद्याच्या सातव्या कलमाने नोकरीच्या प्रयोजनासाठी मालकाला कर्मचाऱ्याच्या संमतीवाचून त्याची माहिती वापरण्याची मोकळीक ठेवली, आणि यंत्राने घेतलेल्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याचा स्वतंत्र अधिकार त्या कायद्यात कोठेच आढळत नाही. नागपूर महानगरपालिकेच्या सफाई कामगारांच्या मनगटावर त्यांचे ठिकाण सतत कळविणारे घड्याळ बांधले गेले, तेव्हा त्यांची संमती हा मुद्दाच नव्हता.

कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांचे स्मरण येथे केल्यावाचून राहवत नाही. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचे निवेदन कारखाना आयोगापुढे ठेवले. आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्ध्या तासाची उसंत, महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार, आणि कामावर जायबंदी झालेल्यास वेतन, अशा त्यातल्या मागण्या होत्या. १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मालकांनी मान्य केली. त्या निवेदनातील मागण्यांइतकेच त्याचे रूप मला महत्त्वाचे वाटते. गिरणीच्या दप्तरात तोवर कामगार म्हणजे हजेरीपटावरचे नाव होते. त्या दिवशी तीच नावे सह्या होऊन सरकारच्या दप्तरात गेली, आणि ज्यांच्याविषयी लिहिले जात होते त्यांनी स्वतःविषयी लिहिले. पेशवाईच्या रुमालांतूनसुद्धा, जेथे वतनाचा किंवा हद्दीचा तंटा आहे, तेथे वादी-प्रतिवादींच्या कैफियती निवाड्याच्या आधी लावलेल्या सापडतात. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला जी रीत ठाऊक होती, ती लाखो कोटींची उलाढाल करणाऱ्या कंपन्यांना अवघड का वाटावी?

म्हणून माझी विनंती प्रथम त्या तरुण मराठी मुलामुलींना आहे, जी हिंजवडीत, खराडीत, बंगळुरात किंवा सातासमुद्रापलीकडे बसून या प्रणाली प्रत्यक्ष लिहीत आहेत, आणि जी स्वतःही त्याच प्रणालींच्या नोंदीत दिवसभर मोजली जात आहेत. तुम्ही हजेरीचा, गुणांकनाचा किंवा सेवासमाप्तीचा जो पडदा तयार कराल, त्यात निर्णयाच्या वर एक रकाना ठेवा. ज्याचा निर्णय होणार आहे त्याला त्याच्या भाषेत, बोलून किंवा लिहून, आपली कैफियत त्यात घालता आली पाहिजे, आणि ती वाचून खाली स्वतःच्या नावानिशी सही करणाऱ्या माणसावाचून तो निर्णय पुढे सरकता कामा नये. जुनी कसूर किती वर्षांनी पुसली जाईल, तेही त्याच जागी लिहा. वरिष्ठ म्हणतील की, यात वेळ जाईल आणि खर्च वाढेल. खर्च वाढेल हे खरे आहे. तरीही तो रकाना मागा, आणि तो काढून टाका असे सांगण्यात आले तर तसा लेखी हुकूम मागा.